पऱ्हाटीचा ओलावा आणि विजेचा हिशेब

दिवाळीच्या आगेमागे आदिलाबादच्या मार्केट यार्डात दरवर्षी एकाच शब्दावरून भांडण होते. तो शब्द म्हणजे ओलावा. सीसीआयचा नियम आपल्या घरातल्या लहान पोरांनाही पाठ आहे. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, ८ ते १२ पर्यंत टक्क्यामागे कपात, आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. खरेदीदाराच्या हातातले ते छोटे यंत्र कापसात खुपसले की सगळ्यांचे डोळे त्या आकड्यावर खिळतात. त्यावरून रस्ता रोको झाले आहेत, पुढाऱ्यांनी यार्डात येऊन भाषणे दिली आहेत.

आता हाच शेतकरी फेब्रुवारीत पाहा. उलंगवाडी झालेली, वावरात पऱ्हाट्या उभ्या. त्याला वावर मोकळे करायची घाई. चिमट्याने उपटायला मजूर लावायचे तर पैसे लागतात, म्हणून तो म्हणतो, "कोणी फुकट न्या, पण वावर रिकामं करून द्या." नेणारा नाही मिळाला तर धुऱ्यावर ढीग घालून काडी लावतो. कापसाच्या एका टक्क्यासाठी भांडणारा माणूस त्याच झाडाच्या काडीला आग लावून घरी जातो, आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात बेल्याकडचे आमच्या नात्यातले एक काकाजी बँकेत आले होते. पीककर्जाचे नूतनीकरण होते. कागद होईपर्यंत समोर बसले आणि म्हणाले, "काऊन रे बाबू, काडीपासून लाईट बनवतेत म्हणे. मंग आमच्या काडीले भाव काऊन नाही?" मी तेव्हा हसून "पाहू काकाजी" एवढेच म्हणालो. पण प्रश्न डोक्यात राहिला. मी काही इंजिनिअर नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. मात्र प्रश्न हिशेबाचा होता, आणि हिशेब हे आमचे रोजचे काम. त्यानंतर चार-सहा महिने जमेल तसे वाचले, जाणकारांना विचारले. त्यातून जे हाती आले ते आपल्या मंडळाच्या या अंकात मांडतो आहे, कारण हा विषय पुढच्या निवडणुकीआधी आपण उचलायला हवा असे माझे मत झाले आहे.

काडी जाळून वीज करायची पद्धत मुळात कोळशासारखीच आहे. बॉयलरमध्ये इंधन जाळायचे, पाण्याची वाफ करायची, ती दाबाखाली टर्बाइनवर सोडायची, टर्बाइन फिरले की जनित्र फिरते. वापरलेली वाफ थंड करून तिचे परत पाणी करायचे आणि तेच पाणी पुन्हा बॉयलरमध्ये सोडायचे. हे चक्र अखंड चालते. प्रश्न एवढाच की आत घातलेल्या शंभर रुपयांच्या उष्णतेतून विजेच्या रूपाने किती रुपये हाती येतात.

आपल्याकडच्या लहान प्रकल्पांत त्याचे उत्तर वीस रुपयांच्या आसपास आहे. हा माझा अंदाज नव्हे. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१७ च्या दरनियमांत जाळीवर काडी जाळणाऱ्या बॉयलरसाठी एका युनिटमागे ४२०० किलोकॅलरी उष्णता धरली आहे. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. ८६० ला ४२०० ने भागा, साडेवीस टक्के येतात. उरलेले ऐंशी रुपये कुठे जातात? साधारण वीस-पंचवीस रुपये बॉयलरमध्येच जातात, चिमणीतून गरम धुरासोबत आणि काडीतल्या पाण्याची वाफ करण्यात. पन्नास-पंचावन्न रुपये वापरलेली वाफ थंड करताना पाण्यात आणि हवेत सोडले जातात. आणि जी वीस रुपयांची वीज झाली, तिच्यातलेही सुमारे दोन रुपये प्रकल्पाचेच पंखे, पंप आणि काडी तोडणारी यंत्रे खातात. एखाद्या दुकानदाराने असे खाते दाखवले तर आमचे मॅनेजर साहेब त्याला कर्ज देणार नाहीत.

म्हणून जगभर या क्षेत्रातल्या लोकांची सगळी धडपड या वीस रुपयांचे पंचवीस, तीस, पस्तीस कसे करायचे यासाठी चालते. उपाय माहीत नाहीत असे नाही. वाफेचा दाब आणि तापमान वाढवा, तेवढ्याच काडीतून जास्त वीज निघते. चिमणीतून जाणाऱ्या धुराने आत येणारी हवा आणि पाणी आधी तापवून घ्या. धुराचे तापमान वीस-बावीस अंशांनी उतरवले तर बॉयलरची एक टक्का बचत होते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. हवा गरजेपेक्षा जास्त फुंकू नका, कारण जास्तीची हवा फुकट तापून चिमणीतून निघून जाते. वाफ थंड करणारे यंत्र स्वच्छ ठेवा, कारण तिथला निर्वात बिघडला की टर्बाइनचा जोर कमी होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि पाण्याचीही ओढ असते, तेव्हा हे दुखणे हमखास उद्भवते.

हा दाबाचा उपाय महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांनी करून दाखवला आहे. जुन्या कारखान्यांत २१ किंवा ३२ किलो दाबाचे बॉयलर असत. चिपाड सगळे जळून जायचे आणि कारखान्यापुरतीच वीज व्हायची. पुढे ६७, ८७ आणि ११० किलो दाबाचे बॉयलर आले, आणि तेवढ्याच चिपाडात कारखाना चालवून वर वीज विकता येऊ लागली. त्यात आणखी एक गोष्ट होती. टर्बाइनमधून निघालेली वाफ तिथे फेकून दिली जात नाही, उसाचा रस आटवायला वापरतात. म्हणजे मघाचे पाण्यात सोडलेले पन्नास रुपये तिथे बऱ्याच अंशी कामी लागतात.

मग पऱ्हाटीचे तसे का झाले नाही? एक कारण काडीच्या रक्तातच आहे. उभ्या पिकाच्या काडीत पोटॅश आणि क्लोरीन असते. जळताना ते वितळून बॉयलरच्या नळ्यांवर राखेचा चिकट थर बसवतात, आणि नळ्या कुरतडतात. तापमान जितके वाढवाल तितका हा त्रास वाढतो. म्हणून काडीवर चालणाऱ्या प्रकल्पाला वाफ फार तापवायची भीती वाटते. डेन्मार्कमध्ये गव्हाचे काड जाळून वीज आणि घरे तापवण्याचे गरम पाणी दोन्ही करतात. १९९३ साली तिथल्या राजकीय पक्षांनी एकत्र करार करून वीज कंपन्यांवर २००० सालापर्यंत वर्षाला १२ लाख टन काड जाळण्याचे बंधन घातले. तिथले शेतकरी कापलेले काड पावसात भिजू देतात. पावसाने पोटॅश आणि क्लोरीन धुऊन जाते, पिवळे काड करडे होते, आणि मग वाळवून गठ्ठे बांधतात. आपल्याकडे उलंगवाडीनंतर पाऊस नसतो, आणि आलाच तर अवकाळी गारपीट घेऊन येतो. तेव्हा तो मार्ग आपला नाही.

पण डेन्मार्कची दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. तिथे गठ्ठा प्रकल्पाच्या दारात आला की क्रेनवर उचलतानाच त्याचे वजन आणि ओलावा दोन्ही मोजले जातात. ठरलेल्यापेक्षा ओला निघाला की परत. म्हणजे आपल्या मार्केट यार्डात कापसाचे जे होते, ते तिथे काडाचे होते.

ओलाव्याला मी एवढे का धरून बसलो आहे, ते आकड्यांत सांगतो. पूर्ण वाळलेल्या पऱ्हाटीत किलोला साधारण ४००० किलोकॅलरी धरू. ताजी उपटलेली पऱ्हाटी असेल तर तिच्यात ४० टक्के पाणी असू शकते. म्हणजे एक किलोत काडी फक्त ६०० ग्रॅम, उष्णता २४००. त्यातली २४० च्या आसपास त्या ४०० ग्रॅम पाण्याची वाफ करण्यात गेली. उरली २१६०. तीच पऱ्हाटी उन्हात वाळून १२ टक्क्यांवर आली तर एक किलोत काडी ८८० ग्रॅम, उष्णता ३५२०, पाण्यात गेली ७२, उरली ३४५० च्या जवळपास. म्हणजे वाळलेला एक किलो हा ओल्या दीड किलोच्याही पुढे आहे. त्यातही ओली काडी आत गेली की भट्टी थंडावते, ज्वाला धड राहत नाही, जास्त हवा फुंकावी लागते, आणि मघाचा सगळा तोटा आणखी वाढतो. लाखो रुपयांची यंत्रे बसवून जे एक-दोन टक्के मिळवायचे, ते आठवडा-पंधरा दिवसांच्या फुकटच्या उन्हात मिळतात, आणि ऊन आपल्याकडे कमी नाही.

आणि तरीही आपल्याकडे काडीची खरेदी वजनावर झाली. इथे एक आठवण सांगतो. नोकरीला लागलो तेव्हा माझी पहिली नेमणूक जुन्या आंध्रातल्या दुसऱ्या एका जिल्ह्यात होती. तिथे जवळ एक काडीवर चालणारा प्रकल्प होता, नाव लिहीत नाही. एका होतकरू तरुणाने आमच्या शाखेतून ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी कर्ज घेतले, काडी वाहून देण्याचा करार दाखवून. पहिले वर्ष बरे गेले. मग दारातल्या काट्यावर तक्रारी सुरू झाल्या. काही पुरवठादार ट्रॉलीवर पाणी मारून आणत. प्रकल्पवाले ते ओळखून सगळ्यांच्याच वजनातून अंदाजाने कापू लागले, कोरडी काडी आणणाऱ्याच्याही. तो तरुण कोरडी आणणाऱ्यांतला होता. त्याने आणणे कमी केले, मग प्रकल्पाला काडी पुरेना. त्यांनी लाकूड घ्यायला सुरुवात केली, लाकूड महाग पडले, प्रकल्प कधी चालू कधी बंद, आणि पुरवठ्याची बिले सहा-सहा महिने थकली. हप्ते थकले, ट्रॅक्टर ओढून आणायच्या नोटिशीवर पत्ता माझ्या हाताने लिहिला. ओलावा मापक यंत्र त्या काट्यावर असते तर हे सगळे टळले असते असे मी म्हणणार नाही, कारण प्रकल्पाची दुसरीही दुखणी होती. पण पहिली चीर तिथे पडली हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

ती दुसरी दुखणी म्हणजे विजेचा दर. १९९० च्या दशकात केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाने मार्गदर्शन केले होते की अशा विजेला १९९४-९५ साल पाया धरून युनिटला सव्वादोन रुपये द्यावेत आणि दरवर्षी ५ टक्के वाढ द्यावी. त्या भरवशावर आंध्र प्रदेशात भराभर प्रकल्प उभे राहिले. आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात मंचिर्यालला शालिवाहन कंपनीचा ६ मेगावॅटचा प्रकल्प त्याच लाटेतला. मग २००४ साली राज्याच्या वीज नियामक आयोगाने दर नव्याने ठरवले. कंपन्या न्यायालयात गेल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि २०१० मध्ये तिथला निकाल आला. या सगळ्या वर्षांत वकील एका युनिटला किती पैसे यावर भांडले.  आणि शेतकऱ्याचा तर त्या भांडणात पक्षकार म्हणूनही उल्लेख नव्हता.

आता आपल्या एकराचा हिशेब करू. कापसाच्या एका एकरात साधारण ८ ते १० क्विंटल वाळलेली पऱ्हाटी निघते, मधला आकडा ९ क्विंटल धरू. आयोगाने धरलेली काडीची उष्णता किलोला ३१०० आहे. ४२०० भागिले ३१०० म्हणजे एका युनिटला सुमारे १ किलो ३५० ग्रॅम. तेव्हा आपल्या एका एकराच्या पऱ्हाटीतून साडेसहाशेच्या वर युनिट. प्रकल्पाची कार्यक्षमता साडेवीसवरून २५ टक्क्यांवर नेली तर एका युनिटला १ किलो ११० ग्रॅम, म्हणजे एकराला ८०० च्या वर युनिट. ६ मेगावॅटचा प्रकल्प वर्षाचे तीन चतुर्थांश दिवस चालला तर पहिल्या हिशेबाने त्याला ५३ हजार टन काडी लागेल, दुसऱ्याने ४४ हजार. नऊ हजार टनांचा फरक. टनाला ३००० रुपये धरले तर पावणेतीन कोटी. त्यातला निम्मा जरी भावाच्या रूपाने गावात आला तरी काकाजींच्या प्रश्नाला उत्तर मिळते. काडीला भाव नाही याचे कारण ती निकामी आहे हे नव्हे, जाळणारा तिच्यातले चार हिस्से वाया घालवतो हे आहे. वाया घालवणारा चांगला भाव देऊ शकत नाही.

याहून पुढची गोष्ट आहे, आणि ती माझ्या मते या लेखाचा गाभा आहे. तीच पऱ्हाटी मोठ्या कोळशाच्या प्रकल्पात गेली तर? मंचिर्याल जिल्ह्यात जयपूरला सिंगरेणीचा १२०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प २०१६ पासून आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार तुकडे होईपर्यंत ते गाव आपल्याच जिल्ह्यात होते. असे मोठे प्रकल्प उंच दाबावर चालतात, त्यांची कार्यक्षमता ३५ टक्क्यांच्या आसपास आणि पुढे असते. तिथे एका युनिटला पऱ्हाटी लागेल ८०० ग्रॅम. म्हणजे एका एकरातून ११०० च्या वर युनिट! पऱ्हाटीचा भुगा करून दाबून कांड्या बनवायला टनामागे शंभरेक युनिट खर्च धरला तरी हजाराच्या वर शिल्लक राहतात. नवीन बॉयलर नको, नवीन टर्बाइन नको. आणि कोळशात शेकडा पाच-सात एवढीच काडी मिसळली तर तो पोटॅशचा चिकट थराचाही त्रास कोळशाच्या राखेत विरून जातो.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळशाच्या प्रकल्पांना जैवइंधनाच्या कांड्या मिसळण्याचे धोरण काढले. २०२३ च्या दुरुस्तीत २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के मिसळण्याचे बंधन आले. दिल्लीच्या धुरामुळे पंजाब-हरियाणाच्या भाताच्या पेंढ्यासाठी हे मुख्यतः झाले हे खरे. पण नियम देशभराचा आहे. १२०० मेगावॅटच्या प्रकल्पाला वर्षाला ५० लाख टन कोळसा धरला तरी ५ टक्के म्हणजे अडीच लाख टन. आपल्या आताच्या आदिलाबाद जिल्ह्यात कापूस चार लाख एकरांच्या आसपास असतो. त्यातल्या पावणेतीन लाख एकरांची पऱ्हाटी एकट्या जयपूरला खपू शकते. मग ती धुऱ्यावर का जळते?

कारण मधला दुवा नाही. सुट्या पऱ्हाटीची ट्रॉली दिसायला डोंगर आणि वजनाला काहीच नाही. ती दीडशे किलोमीटर नेणे म्हणजे डिझेल जाळून काडी जाळणे. गावातच भुगा करणे, मंडलाच्या ठिकाणी कांड्या बनवणे, आणि मगच ट्रकात भरणे, असेच हे जमेल. आपल्या भागात बरेच जिनिंग कारखाने आहेत. त्यांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, नंतर शेड, काटा, विजेचे कनेक्शन आणि हमाल सगळे रिकामे. पऱ्हाटी नेमकी तेव्हाच वाळून तयार होते. जिनिंगच्याच आवारात कांडी यंत्र बसले तर निम्मे भांडवल आधीच उभे आहे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून कांड्या आणि भुशाचे बोर्ड बनवण्यावर बरीच वर्षे काम केले आहे, आणि तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपूरला, म्हणजे आपल्यापासून दोनशे किलोमीटरवर आहे.

नवे छोटे वीजप्रकल्प मुळीच नकोत असे मी म्हणत नाही. जिथे सरकीची किंवा सोयाबीनची तेलगिरणी आहे, जिला वर्षभर वाफ लागते, तिच्या भिंतीला लागून प्रकल्प झाला तर साखर कारखान्यासारखी दुहेरी कमाई होईल. पण उघड्या माळावर एकटा प्रकल्प उभा करून पन्नास-पंचावन्न रुपये हवेत सोडणाऱ्याला आपल्या करातून अनुदान मिळू नये.

आता ज्या दोन गोष्टींवर मला स्वतःलाच शंका होती, त्या सांगतो. पहिली गुलाबी बोंडअळी. २०१७ सालचा हंगाम कोणी विसरलेले नाही. कृषी खाते सांगते की फरदड घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत पीक संपवा, पऱ्हाट्यांची गंजी वावरात ठेवू नका, कारण उरल्या-सुरल्या बोंडांत अळीचे कोष राहतात आणि पुढच्या हंगामात तिथूनच उठतात. मी मात्र इथे पंधरा दिवस वाळवा म्हणतो आहे. विरोध दिसतो, पण तो गंजी घालून महिनोन्महिने ठेवण्याला आहे. उपटून आडव्या पसरून पंधरा दिवस वाळवल्या आणि लगेच भुगा केला, तर यंत्राच्या पात्यांतून अळी जिवंत निघत नाही. उलट आज ज्या गंज्या जूनपर्यंत धुऱ्यावर पडून राहतात त्या हटतील. काडीला भाव असेल तर शेतकरी फरदडीच्या मोहातही कमी पडेल.

दुसरी शंका जास्त अवघड आहे. आपण जुनी घराणी, बहुतेकांच्या घरी गॅस आहे. पण आपल्याच वावरात वेचणीला येणाऱ्या बायांच्या चुलीत वर्षभर काय जळते? पऱ्हाट्या आणि तुराट्या. वेचणी संपली की "बाई, चार भारे घेऊन जाय" असे म्हणायची आपल्याकडे रीत आहे. तो मजुरीचाच न लिहिलेला भाग आहे. उज्ज्वला योजनेतून २०१६ पासून शेगड्या घरोघरी गेल्या, पण सिलिंडर परत भरायला पैसे लागतात. काडीला टनामागे तीन हजार मिळू लागले की हे चार भारे पहिले बंद होतील, हे मी मनुष्यस्वभाव पाहून सांगतो. मग ती बाई जंगलात जाईल, आणि इकडे कवालच्या बाजूला जंगलखाते तिला पकडेल. म्हणून माझे म्हणणे, भाव ठरेल तेव्हाच मजुराचा वाटाही ठरावा. एकराला दीड-दोन क्विंटल तिचे, आणि काही भुगा जमिनीत परत जावा, कारण आपल्या काळ्या मातीलाही काही खायला हवे. एवढे सोडून उरलेले विकावे. माझ्या वरच्या आकड्यांतून मग तिसरा हिस्सा कमी होईल. होऊ द्या.

राजकारणाचे बोलायचे तर १९५६ साली राज्ये नव्याने मांडली गेली, किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आणि बेला, जैनथ, मुधोळ, तानूरची आपली माणसे इकडे राहिली. तेव्हापासून निवडणूक आली की उमेदवार आपल्याकडे मराठीत दोन वाक्ये बोलतो, मराठी शाळांबद्दल आश्वासन देतो, आणि जातो. शाळेची मागणी सोडू नये. पण आपण प्रामुख्याने कापूस पिकवणारा समाज आहोत, आणि वीज, काडी, कोळसा यांवर उमेदवाराला प्रश्न विचारलेला मी एकदाही ऐकला नाही. २०१४ साली तेलंगण झाले, शेतीपंपाच्या विजेवर भाषणे झाली, ती वीज कशातून येते यावर नाही.

तेव्हा यावेळी सभेत उमेदवाराला एवढेच विचारावे. जयपूरच्या प्रकल्पात गेल्या वर्षी किती टन कांड्या मिसळल्या, आणि त्यातल्या आदिलाबादच्या किती? मंडलाच्या ठिकाणी बंद हंगामात जिनिंगमध्ये कांडी यंत्र बसवायला शेतकरी गटाला कर्जावर व्याजसवलत देणार का? काडी वजनावर न घेता ओलावा मोजून, भावाचा तक्ता दारावर लावून घेणार का? आणि ज्या प्रकल्पाला सरकारी सवलत आहे त्याने दरमहा एका युनिटला किती किलो काडी जाळली, हा आकडा फळ्यावर लिहिणार का? शेवटचा प्रश्न ऐकून तो चमकेल. चमकू द्या. बँकेत आम्ही व्याजाचा दर काचेमागे लावतो, लपवत नाही.

आपल्या बाजूनेही एक काम आहे. वर मी एकराला ९ क्विंटल धरले, पण कोरडवाहू बरड रानात आणि पैनगंगेकाठच्या काळ्या रानात फरक असणार. येत्या उलंगवाडीला ज्यांना जमेल त्यांनी आपल्या एका एकराची पऱ्हाटी उपटून, पंधरा दिवस आडवी वाळवून, गावातल्या काट्यावर वजन करावी. गाव, रान कोणते, वाण कोणता, उपटल्याची तारीख आणि वजन, एवढे एका कागदावर लिहून मंडळाच्या कार्यालयात द्यावे. शंभर कागद जमले तर त्याचा तक्ता मी रविवारी बसून करून देईन, आणि तो घेऊनच आपले शिष्टमंडळ जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. बेल्याच्या काकाजींनी आपले एक एकर आधीच सांगून ठेवले आहे.